उरलेली बाजू कोणाची? बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावातलं ‘फक्त बस’ प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावहून चंदगडच्या दिशेला जी गावं आहेत, त्यांतल्या एकात रस्त्याचं काम चालू असताना उरलेल्या बाजूने फक्त बस सोडायच्या आदेशावरून जो वाद झाला, त्याची ही हकिकत. गावाचं नाव देत नाही. माणसं आणि खाती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशीलही बदलले आहेत, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. गावच्या कृती समितीत टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बहुतेक बैठकांना मी हजर होतो.

हमरस्ता सोडून आत वळलं की गावची वेस लागते. वेशीतून रस्ता थेट गावठाणात शिरतो, मारुतीच्या देवळासमोर जरा मोकळा होतो आणि पुन्हा दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांमधून वाट काढत नाल्यापाशी गावाबाहेर पडतो. वेशीपासून नाल्यापर्यंत जेमतेम सातशे मीटर. पण नाल्यापलीकडच्या आणखी चार गावांना शहरात जायला हीच वाट. पहाटे रताळी, बटाटा आणि पालेभाज्या बाजाराकडे निघतात. त्यांच्या पाठोपाठ दूधवाले, मग उद्यमबाग आणि मच्छेकडच्या कारखान्यांतले कामगार, मग शाळा-कॉलेजची मुलं. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना लागू झाली आणि सरकारी साध्या बसमधून बायकांना तिकिटाचे पैसे लागेनासे झाले. तेव्हापासून सकाळच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. शहरात घरकामाला, इस्पितळांत, दुकानांत, शिलाईच्या कामाला जाणाऱ्या बायका पूर्वी कधी टमटमने, कधी चालत हमरस्त्यापर्यंत जायच्या. आता त्या बसवर विसंबून आहेत. पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

शक्ती योजनेनंतरच्या एका वर्षी दिवाळी झाली आणि रस्त्याचं काम निघालं. जुना डांबरी रस्ता उखडून सिमेंट काँक्रीटचा करायचा, शेजारी बंदिस्त गटार. रस्त्याची रुंदी सातेक मीटर. वाहतूक पूर्ण बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून आधी एक बाजू आणि ती वापरायला सुरू झाली की दुसरी, असं ठरलं. काँक्रीटचा रस्ता ओतला की लगेच गाड्या सोडता येत नाहीत. निदान १४ दिवस त्यावर पाणी धरून ठेवावं लागतं आणि अवजड वाहनं सोडायला साधारण २८ दिवस थांबतात. त्याआधी खोदाई, नळाचे जुने पाइप हलवणं, खडीचा थर, रोलर. एका बाजूला दोन महिने धरले तर दोन्ही बाजूंचे चार. तेवढा काळ गावाच्या वाट्याला साडेतीन मीटरची एकच पट्टी उरणार होती.

अडचण

पहिल्या आठवड्यात कसलाच नियम नव्हता. वेशीतून बस शिरायची, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर यायचा, मागे वीस दुचाक्या लागायच्या, आणि मग कोणालाच मागे सरता यायचं नाही. बस अर्धा-अर्धा तास अडकू लागल्या. शेवटी आगाराने गाड्या हमरस्त्यावरूनच माघारी फिरवायला सुरुवात केली. नाल्यापलीकडच्या लोकांची तक्रार वरपर्यंत गेली. दोनच दिवसांत वाहतूक पोलिसांचा आदेश आला: उरलेल्या बाजूने फक्त बस जातील, बाकी सगळी वाहनं शिवारातल्या पाणंदीने वळवली जातील. वेशीत बॅरिकेड लागलं, बाजूला बोर्ड लागला.

या आदेशामागचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा काही जण माझ्यावर चिडले होते. पण हिशेब साधा आहे. बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असते, रिक्षाची १.३ मीटरच्या आसपास. दोन्हींची बेरीज ३.९. साडेतीन मीटरच्या पट्टीत बस आणि रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागणार. सगळ्यांना मोकळीक दिली की कोणीच पुढे सरकत नाही, हे पहिल्या आठवड्याने दाखवून दिलं होतं. आणि एका वाहनाला आधी वाट द्यायची असेल, तर पन्नास-साठ माणसं नेणाऱ्या बसलाच द्यायला हवी. मला तेव्हाही असंच वाटत होतं, आजही वाटतं.

गडबड आदेश ज्या तऱ्हेने निघाला त्यात होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. बंदी एका महिन्याहून अधिक नसेल तर अधिसूचनेची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. दोन्ही बाबतींत कलम ११६ प्रमाणे योग्य जागी वाहतुकीची चिन्हं लावावी लागतात. बंदीला अपवाद आणि अटी जोडण्याची सोय कलम ११५ मध्येच आहे. आमच्या वेशीतल्या आदेशात शेवटची तारीख नव्हती, ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढंच होतं. अपवाद एकही नव्हता. प्रसिद्धी म्हणजे पंचायतीच्या फळ्यावर चिकटवलेला एक कागद. चिन्ह नव्हतंच, होता तो केवळ अक्षरांचा बोर्ड, आणि तोही फक्त कन्नडमध्ये.

वाद कशावरून पेटला

डायलिसिसला जाणाऱ्या एका वयस्कर माणसाला त्याचा पुतण्या आठवड्यातून दोनदा रिक्षातून शहरात न्यायचा. बॅरिकेडवरच्या होमगार्डने रिक्षा अडवली. त्याला सांगितलं होतं तेवढंच तो करत होता. रिक्षा पाणंदीने वळली आणि वाटेतल्या खड्ड्यात तिचं चाक रुतलं. चार माणसांनी उचलून ती बाहेर काढली, तोवर इस्पितळातली वेळ टळून गेली होती. आपल्याकडे बहुतेक आजारी माणसं रिक्षातूनच इस्पितळात पोचतात. रुग्णवाहिकेला सूट आहे असं कोणी तोंडी म्हटलं तरी त्याने त्यांची सोय होत नाही.

त्या संध्याकाळी वेशीत गर्दी जमली. रिक्षावाले, किराणा आणि खताचे दुकानदार, भाजी नेणारे शेतकरी असे सगळे आधीच धुसफुसत होते. दुकानांपर्यंत मालाची गाडी येत नव्हती. भाजीवाल्यांना पाणंदीने जायला जास्त वेळ लागत होता, आणि पहाटेचा लिलाव अर्ध्या तासाने चुकला तर भाव पडतो. पाणंदीच्या कडेला ज्यांची शेतं होती त्यांची वेगळीच व्यथा. गाडीवाट नकाशावर अरुंद, पण समोरासमोर आलेल्या गाड्या बांध मोडून शेतात शिरत होत्या, उभ्या मसुरीतून चाकोऱ्या पडल्या होत्या.

त्यात बोर्डाचा प्रश्न. चंदगडकडून येणाऱ्या टेम्पोवाल्यांना कन्नड वाचता येत नाही, आणि गावातल्या जुन्या माणसांनाही नाही. टेम्पो बॅरिकेडपर्यंत यायचा आणि तिथूनच उलटा फिरवावा लागायचा. काही तरुणांनी बोर्डाला डांबर फासायची भाषा सुरू केली. अशी ठिणगी इथे कुठवर जाते हे सीमाभागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी रस्ता, पाणंद, डायलिसिस सगळं बाजूला पडून दोन संघटना आमनेसामने आल्या असत्या.

पहिला निर्णय त्या रात्रीच घ्यावा लागला. देवस्की पंच, म्हणजे गावच्या देवस्थानाचा कारभार बघणारी मंडळी, त्यांतले एक ज्येष्ठ तात्या पुढे झाले. त्यांचं म्हणणं असं की बोर्डाला हात लागला तर उद्यापासून पोलीस बोर्डाचीच राखण करत बसतील आणि रस्ता तसाच राहील. मराठीत सूचना मागायचा हक्क आपल्याला आहे, तो लेखी मागू. पोरांनी ऐकलं. माझ्या मते या प्रकरणाला वळण देणारा क्षण तोच होता.

गावसभा, आणि जिथे आवाज नव्हता ती जागा

दोन दिवसांनी देवळात बैठक झाली आणि कृती समिती ठरली. रिक्षा स्टँडचे दोघे, दुकानदार, शेतकरी, पंच मंडळी. मागणी एकमुखाने ठरली: ‘फक्त बस’ रद्द करा. बैठकीत हुबळी-धारवाडच्या बीआरटीएसचाही विषय निघाला. तिथे सुमारे २२ किलोमीटर रस्त्यात मधल्या मार्गिका फक्त बससाठी राखल्या आहेत आणि बाकीची वाहनं कडेने दाटीत चालतात, ते बघितलेले लोक खूप होते. तसलं आपल्याकडे नको, असा सूर होता. खरं तर दोन्हींत फार फरक आहे. तिथली मार्गिका कायमची आणि तिच्या बाजूला इतरांसाठीही रस्ता आहे. आमच्याकडे दुसरी बाजूच नव्हती.

निवेदन लिहायला घेतलं तेव्हा पंचायतीच्या एका महिला सदस्याने विचारलं, ‘बसमधनं जाणाऱ्यांना कोणी विचारलंय का?’ कोणीच विचारलं नव्हतं. बैठक सकाळी दहाला होती. त्या वेळी बसने जाणाऱ्या बायका शहरात कामावर होत्या, मुलं वर्गात होती, कामगार पाळीवर होते.

त्या महिला सदस्यानेच मग रविवारी संध्याकाळी अंगणवाडीत स्त्रीशक्ती संघांच्या, म्हणजे बचत गटांच्या, बायकांना बोलावलं. तिथे चित्र उलटं निघालं. बंदी आल्यापासून बस वेळेवर येते, असं जवळपास प्रत्येकीने सांगितलं. त्याआधीच्या आठवड्यात बस हमरस्त्यावरून फिरत होती तेव्हा नाल्यापलीकडच्या गावांतल्या बायका अंधारात एक-दीड मैल चालत होत्या. इस्पितळात साफसफाईचं काम करणाऱ्या एका मावशीचे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचे पैसे कापले होते. त्यांचं एकच म्हणणं: ‘तुमचं सगळ्यांचं बघा की, पण बस परत हायवेला थांबवायला लावू नका.’

‘गावची मागणी’ म्हणून जे लिहिलं जात होतं, ती स्वतःचं वाहन असलेल्यांची मागणी होती. समितीतल्या लोकांची नियत वाईट नव्हती. त्यांचाही रोजगार बुडत होता. पण बसने जाणारी बाई आणि तिच्याच घरातला रिक्षा चालवणारा नवरा यांची गरज एकाच रस्त्यावर एकमेकांच्या आड येऊ शकते, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. निवेदन थांबवलं आणि संघांच्या दोघी समितीत आल्या.

मोजणी

पुढचं पाऊल एका तरुण इंजिनिअर मुलीने सुचवलं. मागायचं काय ते ठरवण्याआधी मोजू या. कॉलेजच्या मुलांनी लागोपाठ दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी वेशीत, देवळापाशी आणि नाल्यापाशी बसून वाहनं टिपली, आत किती माणसं ते अंदाजाने लिहिलं, वेळ घड्याळात बघून नोंदवली.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. सकाळच्या गर्दीच्या वेळी बसमधून जाणारी माणसं बाकी सगळ्या वाहनांतल्या माणसांपेक्षा जास्त होती. म्हणजे बायकांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळाला. दुसरी गोष्ट रिक्षावाल्यांच्या बाजूची. दोन बसच्या मधे उरलेली बाजू बराच वेळ रिकामी असायची, दुपारी तर तासातला बहुतेक वेळ. रिकाम्या पट्टीकडे बघत माणसं बॅरिकेडवर थांबून राहायची किंवा पाणंदीतल्या चिखलात जायची. वाद बस हवी की नको याचा उरला नाही. कोणत्या तासाला ही पट्टी कोणी वापरायची, एवढाच प्रश्न राहिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आहे तीच बंदी चालू ठेवून अपवाद वाढवायचे. रुग्ण, दूध, गॅस सिलिंडर, शाळेची गाडी. ऐकायला सोपा. पण होमगार्डने प्रत्येक गाडी तपासत बसायचं म्हटलं की वेशीतच रांग लागते, आणि ओळखीच्या माणसाला सोडलं जातं.

दुसरा, बसही बंद करून त्या वेशीत थांबवायच्या आणि लोकांनी सातशे मीटर चालायचं. ठेकेदाराला हा सगळ्यात सोयीचा. नाल्यापलीकडच्या चार गावांचं काय, याला त्यात उत्तर नव्हतं.

तिसरा, काम तुकड्यांत करायचं. सातशे मीटर एकदम न खोदता सव्वादोनशे-अडीचशे मीटरचे तीन तुकडे करायचे म्हणजे अडथळा लहान राहील. सुरुवातीला सगळ्यांना हाच पटला, मलाही. इंजिनिअर मुलीने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा गोची कळली. ओतल्यानंतरचे २८ दिवस तुकडा लहान असला तरी कमी होत नाहीत. तीन तुकडे, प्रत्येकाच्या दोन बाजू, सहा वेळा २८ दिवस. नुसतं थांबायचेच १६८ दिवस, खोदाई वेगळी. काही तुकडे एकमेकांवर चढवता येतात, तरी काम पावसाळ्यात शिरलं असतं. आमच्याकडचा पाऊस, आणि उघडा पडलेला खोदलेला रस्ता. पर्याय तिथेच सोडला.

चौथा, आलटून-पालटून सोडणं. थोडा वेळ एका दिशेने, मग दुसऱ्या, आणि गर्दीच्या वेळी बस आधी. यात अडचण लांबीची होती. ताशी १५ किलोमीटरने गाडी मिनिटाला २५० मीटर जाते, म्हणजे सातशे मीटरला जवळजवळ तीन मिनिटं. एका दिशेला पाच मिनिटं सोडायचं, शेवटची गाडी बाहेर पडायला तीन मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या दिशेला पाच आणि पुन्हा तीन. पूर्ण फेरा १६ मिनिटांचा. त्यात दोन्हीकडून बस एकाच वेळी आल्या तर एकीला आठ मिनिटांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागणार. आगाराला ते चालण्यासारखं नव्हतं.

इथे उत्तर देवळाने दिलं. मारुतीपुढची मोकळी जागा साधारण मध्यावर आहे. तिथे एक बस बाजूला घेता आली तर लांबी निम्म्यावर येते, साडेतीनशे मीटरला दीड मिनिट. दोन बस समोरासमोर आल्या तर देवळापाशी एकमेकींना वाट देतील. पण ती जागा देवस्थानाची, वर शहाबादी फरशी, आणि तिच्यावर बसचं ओझं. पंच मंडळींत दोन बैठका झाल्या. काहींना देवाच्या अंगणातून बस जाणं रुचत नव्हतं. अखेर अट घालून परवानगी मिळाली: फरशी आधी उचलून रचून ठेवायची, मुरूम टाकून रोलर फिरवायचा, आणि काम संपल्यावर ठेकेदाराने फरशी होती तशी बसवून द्यायची. हे लेखी घेतलं, फोटोही काढून ठेवले.

केलेली कार्यवाही

निवेदन मराठीत लिहिलं आणि त्याचाच कन्नड मजकूर सोबत जोडला. कन्नड मजकूर गावच्या शाळेतल्या एका कन्नड शिक्षकांनी करून दिला. यावर समितीत वाद झाला. मराठीतूनच द्यायचं, कन्नड जोडलं तर आपली मागणी आपणच सैल करतो, असं काहींचं मत होतं. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के किंवा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही देशभर मान्य झालेली तरतूद आहे, आणि निवेदनात ती पहिल्याच परिच्छेदात घातली. पण टेबलावर बसलेल्या कारकुनाला कागद त्याच दिवशी वाचता आला पाहिजे, हीही गरज होती. दोन्ही भाषांत दिल्याने हक्क कमी होत नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीतही मांडलं.

मागण्या मोजक्या ठेवल्या. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत बसला प्राधान्य, बाकी वेळ आलटून-पालटून सर्वांना. पहाटेची वेळ भाजी आणि दुधाच्या गाड्यांना मोकळी. उसाचे ट्रॅक्टर रात्री दहानंतर. रुग्ण असलेल्या कोणत्याही वाहनाला कोणत्याही वेळी वाट, इस्पितळाचा कागद दाखवला की पुरे. आदेशावर शेवटची तारीख. आणि वेशीत तसंच नाल्यापाशी लाल वर्तुळातली चित्रांची चिन्हं, कारण चित्र कुठल्याही भाषेचा माणूस वाचतो, सोबत कन्नड आणि मराठी मजकूर.

माहिती अधिकारातही एक अर्ज टाकला, दहा रुपयांचं शुल्क भरून, आदेशाची प्रत मागितली. त्याचा तेव्हा उपयोग झाला नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि उत्तर आलं तोवर प्रश्न सुटला होता. पोलीस ठाण्यात समोर बसून आदेश बघायला मागितला तेव्हा तो पाच मिनिटांत दाखवला गेला. तो वाचल्यावर, राजपत्रातल्या अधिसूचनेशिवाय बंदी महिन्याहून जास्त चालत नाही, हा मुद्दा हातात आला. महिना पुरा व्हायला नऊ दिवस होते. समितीने तो मुद्दा धमकीसारखा वापरला नाही. ‘मुदत संपतेच आहे, नवा आदेश काढावा लागेल, तर तो असा काढा,’ असं मांडलं. अधिकाऱ्यांनाही ते सोयीचं झालं. जुना आदेश चुकला असं कोणाला म्हणावं लागलं नाही.

काय झालं

नवा आदेश निघाला. एक महिन्याचा, तारखेसह, अपवादांसह. दुसऱ्या बाजूच्या कामाला पुन्हा वेगळा काढायचं ठरलं. रस्त्याच्या कामात वाहतुकीची व्यवस्था ठेवणं ही ठेकेदाराची जबाबदारी असते आणि लाल-हिरवे झेंडे घेतलेली माणसं त्यानेच द्यायची असतात. वेशीत एक, देवळापाशी एक, नाल्यापाशी एक अशी तीन माणसं मिळाली. ती गावातलीच पोरं होती, रोजावर. त्यांच्यात फोनवरून बोलणं चालायचं.

पहिले चार दिवस गोंधळाचे गेले. दुचाकीवाले झेंड्याला जुमानत नव्हते, देवळापाशी दोन बस आणि एक टेम्पो अडकून तासभर गेला. मग समितीतले लोक पाळीने झेंडेवाल्याशेजारी उभे राहू लागले. गावचाच माणूस थांबवतोय म्हटल्यावर लोक थांबले. दुसऱ्या आठवड्यापासून बसची वेळ बसली. भाजीवाल्यांचा लिलाव चुकेनासा झाला. डायलिसिसचे काका त्याच रिक्षाने, गावातल्याच रस्त्याने जाऊ लागले.

सगळं चांगलं झालं नाही. नव्या काँक्रीटची पातळी जुन्या रस्त्यापेक्षा वीतभर उंच होती. दुसरी बाजू व्हायची होती तोवर मधोमध एक उभी कड राहिली. रात्री एक स्कूटरवाला त्या कडेवरून घसरला आणि त्याचा हात मोडला. त्यानंतर कडेला रेतीच्या गोण्या आणि चमकणाऱ्या पट्ट्या लागल्या. त्या पहिल्या दिवसापासून हव्या होत्या आणि ते झेंड्यांइतकंच ठेकेदाराचं काम होतं. दुकानदारांचे दोन महिने मंदीत गेले, त्याची भरपाई कोणी दिली नाही. उसाचे ट्रॅक्टर रात्री धावल्याने देवळाजवळच्या घरांची झोप उडाली.

दुसरी बाजू पहिल्यापेक्षा लवकर झाली. सगळ्यांना वेळा माहीत होत्या, मध्यावरची जागा तयार होती. शिवजयंती आमच्याकडे वैशाखात असते. त्याआधी संपूर्ण रस्ता खुला झाला.

पुन्हा असं काम निघालं तर

मोजणी बंदीच्या आधी व्हायला हवी होती. चार मुलं आणि चार वह्या एवढाच खर्च होता. तो काम सुरू होण्यापूर्वी झाला असता तर पहिला आठवडाही वाया गेला नसता, आणि ‘फक्त बस’ दिवसभर ठेवण्याची गरज नाही हे खात्यालाच आधी दिसलं असतं.

बैठकीची वेळ हा मुद्दा मला सर्वांत जास्त सतावतो. सकाळी दहाची बैठक घेतली की बसने जाणारे आपोआप वगळले जातात. त्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. अंगणवाडीतली ती रविवारची बैठक झाली नसती, तर समितीने पूर्ण ताकदीने गावातल्या सगळ्यात गरजू प्रवाशांविरुद्ध मागणी रेटली असती आणि कदाचित ती मान्यही झाली असती. अशा कामाच्या आधी पंचायतीने एक बैठक तरी सुटीच्या दिवशी संध्याकाळी घ्यावी, आणि बायकांची वेगळी घ्यावी. मिश्र बैठकीत त्या बोलल्या नसत्या, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

वळणवाट ठरवताना ती कोणाच्या शेताच्या कडेने जाते ते बघून, बांधांचे फोटो काढून, शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन मगच बॅरिकेड लावायला हवं. देवस्थानाच्या फरशीचं सगळं लेखी होतं म्हणून ती वेळेवर बसली. पाणंदीच्या बाबतीत काहीच लेखी नव्हतं.

मराठी मजकुराचा बोर्ड अखेर लागला, पण तो फ्लेक्सचा, पंच मंडळींच्या खर्चाने. सरकारी खर्चाने मराठी सूचना लावण्याच्या मागणीचं उत्तर अजून आलेलं नाही. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र जातं, दोन्ही भाषांत. पाणंदीकडेच्या तीन शेतकऱ्यांनी मोडलेले बांध स्वतः घातले आणि मसुरीच्या नुकसानीचा अर्ज तहसीलदार कार्यालयात दिला आहे. नुकसान कोणत्या वाहनांमुळे झालं याचा पुरावा त्यांच्याकडे मागितला आहे. बंदीचा पहिला आदेश, ज्यात सगळी वाहनं त्याच पाणंदीने जातील असं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्याची माहिती अधिकारात उशिरा मिळालेली प्रत आता त्या अर्जाला जोडली आहे.